राखणबाईला पाणी कुठवर?

मी एक जुनी शिळा आहे. काळी, उभी, साधारण तुमच्या आईच्या उंचीची. दगड कधी बोलतो का, असं म्हणून हसू नका, मित्रांनो. बोलायची हौस मलाही नव्हती. पण पाण्यातून एक हाक सारखी माझ्या कानावर येते, आणि ती ऐकून गप्प राहणं आता मला जमत नाही. म्हणून सांगते.

माझं गाव आंबेवळण. देवळाली कॅम्पच्या पलीकडे दारणा नदी एके ठिकाणी कोपरासारखी वळते, त्या वळणावर ते वसलंय. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण आमच्या नदीचं मूळ ठाऊक असल्यावाचून माझी गोष्ट तुम्हाला कळायची नाही. दारणा उगवते तिकडे इगतपुरीच्या डोंगरात. घोटीकडच्या भातखाचरांचं पाणी पोटात घेऊन ती आमच्याकडे येते आणि पुढे निफाडच्या अंगाला जाऊन गोदावरीला मिळते. घोटीला पाऊस म्हणजे नुसता धो धो, आणि आमच्याकडे जेमतेम. त्यामुळे आमच्या गावात पूर येतो तो बऱ्याचदा लख्ख उन्हात येतो. बायका अंगणात पापड वाळत घालत असतात आणि नदी तांबडी होऊन फुगत असते. नवख्या माणसाला हे सांगून पटत नाही.

अशाच एका उन्हातल्या पुरात, फार पूर्वी, खालच्या आळीतली कितीतरी माणसं गेली. खालची आळी म्हणजे नदीलगतची माळ्यांची वस्ती. गाळाच्या काळ्या जमिनीत मेथी, कोथिंबीर, शेवंती, झेंडू पिकवणारी माणसं. त्या पुरात झिपरू नावाच्या पाथरवटाची बायको गेली. तो रडला, भेकला, आणि मग त्याने खाणीतून मला काढलं. घाटाच्या शेवटच्या पायरीशी खड्डा खणून मला उभं केलं आणि माझ्या अंगावर छिन्नीने चार रेघा पाडल्या. घोटा, गुडघा, कंबर, गळा. मग आळीतल्या सगळ्यांना बोलावून त्याने सांगितलं, "घोट्याला लागलं तर बघत ऱ्हावा. गुडघ्याला लागलं तर जनावरं सोडा. कमरेला लागलं तर निघा. आन् गळ्याला लागलं तर मागं वळून बघू नका."

त्या दिवसापासून मी राखणबाई झाले.

आळीत एक रीत पडली. लग्न होऊन नवी सून आली की श्रावणात तिला घाटावर आणायचं, माझ्या अंगाला पाठ लावून उभं करायचं आणि माझ्या कमरेच्या रेघेवर सासूने कुंकवाचं बोट ओढायचं. रेघ सुनेच्या अंगावर कुठे येते ते तिने नीट ध्यानात ठेवायचं. कितीतरी पोरींच्या पाठी मला आठवतात. कुणाची भीतीने थरथरायची, कुणी फिदीफिदी हसायची. चिमणाबाई नावाच्या एका ठेंगणीला तर कमरेची रेघ छातीशी आली. तिची सासू म्हणाली, "बाई गं, तू आमच्या आधीच पळ!" सगळा घाट हसला होता.

आळीतल्या सगळ्या घरांतून मी दिसत नव्हते. दिसायची ती फक्त शेवटच्या घराच्या दारातून. त्या घरातल्या बाईकडे माझ्यावर नजर ठेवायचं काम असे. पाणी चढायला लागलं की आळीतून हाका सुरू व्हायच्या, "राखणबाईला कुठवर?" आणि शेवटच्या दारातून उत्तर यायचं, "घोट्याला!" "गुडघ्याला!" ते उत्तर ऐकून लोक चूल विझवायची की भाकरी थापायची ते ठरवायचे. त्या उत्तरावर कुणी कधी शंका घेतली नाही, आणि मीही कधी खोटी पडले नाही.

गावाचं म्हणाल तर ते माझ्या डोळ्यांदेखत वाढलं. कॅम्पातल्या पलटणींना भाजी लागायची, म्हणून आमचे मळे बहरले. तोफखान्याचा सराव सुरू झाला की तिकडे धडाम् व्हायचं आणि इकडे माझ्या बुडाखालची माती थरथरायची. पुढे नाशिकरोडच्या छापखान्यात नोकरी करणारी माणसं वरच्या अंगाला राहायला आली. एकोणीसशे नव्वदच्या पुढे तर विचारू नका. अंबड, सातपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची रो-हाउसं उठली, मळ्यांचे प्लॉट पडले, सिटी बस आली, केबल आली. जिथे नदीचं पाणी पावसाळ्यात पाय पसरून बसायचं, तिथे कॉलन्या झाल्या. आंबेवळण आता गाव नाही, शहर आहे असं लोक म्हणू लागले. नदीला मात्र हे कुणी कळवलं नाही.

त्या काळात शेवटच्या घरात कुसाबाई होती. आवाज असा खणखणीत की तिची हाक घाटापासून थेट बस स्टॉपवर ऐकू जायची. तिचा एकुलता एक मुलगा समाधान. भल्या पहाटे लुनावर झेंडूची पोती लादून नाशिकच्या फुलबाजारात जायचा, परत येताना आईसाठी गरम जिलेबी आणायचा. हसतमुख, थोडा थट्टेखोर. त्याचं मनीषाशी लग्न झालं तेव्हा मनीषाही माझ्या अंगाला पाठ लावून उभी राहिली. समाधान पायरीवरून म्हणाला होता, "आई, रेघ जरा खाली मार, म्हणजे हिला माहेरी पळायला येळ मिळंल!"

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल होईना. कुसाबाईने वैद्य केले, दवाखाने केले, उपास केले. एका दुपारी ती एकटीच घाटावर आली, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "बाई, माझ्या लेकाच्या घरात पाळणा हालू दे. तुला असं चिखलात नाय ठेवायची. वर नेऊन चौथरा बांधीन, छप्पर घालीन."

अहो, मी दगड. पाळणे हलवणं माझं काम नव्हे. पण वर्षभरात वेदिका जन्मली आणि माझं नशीब फिरलं.

कुसाबाई शब्दाची पक्की. फुलांचा हंगाम झाल्यावर तिने नवस फेडायला घेतला. वरच्या रस्त्यालगत, आळीच्या तोंडाशी, उंच जागेवर चौथरा बांधायचं ठरलं. सावळीराम नावाचे एक गृहस्थ आळीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष होते. मनाने चांगला माणूस. त्यांनी फरशी दिली. मला उपटायला माणसं आली तेव्हा समाधान पहार हातात घेऊन थबकला. म्हणाला, "आई, हिला वर नेली तर पाणी कुठवर आलं ते कोन सांगणार?"

"देवी हाय ती. जिथं ठिवू तिथून सांगंल."

"अगं पण पाणी तर खालीच ऱ्हाणार ना?"

"तू लय शहाणा! देवाला चिखलात ठेवायचं व्हय? पोरगी कुनी दिली तुला?"

पोरीचं नाव निघालं आणि समाधानने माझ्या बुडाशी पहार घातली. शेजारची झुंबरबाई, पायाने अधू झालेली म्हातारी, ओट्यावरून म्हणाली, "कुसे, बाईला इचारलंस का, तिला जायचंय का?" सगळे हसले. मला खरंच कुणी विचारलं नाही.

वाजतगाजत मला वर नेलं. सिमेंटात रोवलं. अंगभर शेंदूर थापला, एवढा की झिपरूच्या चारही रेघा बुजल्या. चांदीचे डोळे बसवले. मित्रांनो, डोळे बसवले आणि माझी नजर गेली. तिथून नदी नुसती चकाकताना दिसायची, तिचा ओलावा कळेना. पायाशी पाण्याऐवजी नारळाचं पाणी वाहू लागलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसं माझं झालं.

काही वर्षं मोठा पूर आलाच नाही. पावसाळ्यात आळीतली पोरं खेळता खेळता विचारायची, "राखणबाईला कुठवर?" कुसाबाई दारातून वर माझ्याकडे बघायची आणि ओरडायची, "पायालाबी नाय!" सगळी आळी हसायची. "देवी पावली," म्हणायची. विचारायची सवय तीच, सांगायची सवय तीच, फक्त मी तिथे नव्हते. हळूहळू हे सगळे विसरले. विसरणं किती सोपं असतं ते मी चौथऱ्यावरून पाहिलं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. भाद्रपद होता. गणपती बसलेले, विसर्जन तोंडावर आलेलं, आणि खालच्या आळीत घराघरांत झेंडूच्या राशी पडलेल्या. वर्षाची कमाई त्या राशींत. घोटीकडे सतत पाऊस चालू होता. आमच्याकडे ऊन. दुपारी रस्त्यावरून एक जीप गेली. कर्ण्यावरून सांगत गेली की धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित जागी जावं. आळीतली माणसं दारात आली. कुणी आभाळाकडे पाहिलं, कुणी झेंडूकडे. आणि मग ती जुनी हाक आळीभर गेली, "राखणबाईला कुठवर?"

कुसाबाई दारात आली. तिने वर माझ्याकडे पाहिलं.

काय सांगू तुम्हाला! मला वाटलं, आत्ता या क्षणी मला तोंड फुटावं. त्या चांदीच्या डोळ्यांतून निदान पाणी तरी गळावं.

"पायालाबी नाय!" कुसाबाई ओरडली. लोक माळा ओवायला परत आत गेले.

नदी समोरून आलीच नाही. कॉलनीच्या मागून जुना ओहोळ होता, त्याची आता गटार झाली होती. त्या वाटेने ती आळीच्या पाठीमागून शिरली. आधी न्हाणीघरात, मग चुलीत, मग अंगणात. झेंडूच्या राशी तरंगायला लागल्या. एकच आरडाओरडा झाला. माणसं वर माझ्या चौथऱ्याकडे धावली. समाधानने वेदिकाला खांद्यावर घेतलं, मनीषाचा आणि आईचा हात धरला आणि तिघींना माझ्या पायाशी आणून सोडलं. मग तो परत गेला आणि झुंबरबाईला पाठुंगळी घेऊन आला. धापा टाकत होता, तरी हसत म्हणाला, "आजे, तू वाळकी दिसती, पण वजन लय!"

तेवढ्यात खालून शेळ्यांचं ओरडणं ऐकू आलं. गोठ्यात दाव्याला बांधलेल्या शेळ्या. समाधान वळला. मनीषाने त्याची बाही धरली. "नका जाऊ."

"आलोच. दावं सोडतो आन् आलो."

तो पाण्यात उतरला. गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. पाणी तांबडं, वर फुलांचा थर, खाली किती खोल ते कळायला मार्ग नाही. आत जावं की परत फिरावं, हे त्याला ठरवायचं होतं. त्याने मान वर करून, लहानपणापासून विचारत आला तसंच विचारलं, "आई, राखणबाईला कुठवर?"

कुसाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या अंगावर होता. तिने माझ्या पायाकडे पाहिलं. फरशी कोरडी खडखडीत. आयुष्यभराची सवय तिच्या तोंडून बोलली.

"पायालाबी नाय रे!"

समाधान गोठ्यात शिरला. मागची भिंत आत बसली आणि सगळं पाणी एकदम आलं. कुसाबाईची किंकाळी माझ्या अंगातून आरपार गेली. झेंडूची फुलं बराच वेळ त्या जागी गोल गोल फिरत राहिली.

तो सापडला निफाडच्या बाजूला, पूर ओसरल्यावर. हातात दाव्याचा तुकडा होता म्हणे.

आणि मित्रांनो, पुढे काय झालं असेल? जे झालं ते ऐकून तुम्हाला राग येईल. मलाही आला होता. लोक म्हणाले, राखणबाईने वाचवलं! तिच्या पायाशी आले ते सगळे जगले! झालं. चौथऱ्याला संगमरवर लागला, नारळांचा खच पडला, यात्रा भरू लागली. ढोलांच्या गजरात मी उभी असायची आणि मला मात्र दुसरंच काही ऐकू यायचं. दारणेचं पाणी वाढलं की त्यातून हाक यायची. "आई, राखणबाईला कुठवर?" आधी वाटलं मलाच भास होतोय. पण संध्याकाळी कुसाबाई चौथऱ्यावर येऊन बसायची आणि हाक आली की तिचीही मान नदीकडे वळायची. तिचे ओठ हलायचे. तो खणखणीत आवाज पार गेला होता. उत्तर काही बाहेर येत नसे.

आळी पुन्हा वसली, तिथेच. जाणार कुठे? माती तिथली, फुलं तिथली. पोरंही पुन्हा खेळू लागली. पुढच्या पावसाळ्यात एकदा वेदिका अंगणातून ओरडली, "आजी, राखणबाईला कुठवर?"

कुसाबाईच्या हातातली परात खाली पडली. तिने नातीकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे. मग ती उठली, समाधानची पहार घेतली आणि तरातरा चौथऱ्याकडे आली. पहिला घाव घातला तेव्हा संगमरवराचे तुकडे उडाले.

माणसं धावली. सावळीराम आडवे आले. "कुसाबाई, अहो काय करताय? जागृत देवस्थान आहे हे. देवीचा कोप होईल."

"व्हायचा त्यो झाला." कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज फुटला होता. "नवस माझा व्हता. बांधलं मी, फोडनार मी. सावळीरामभाऊ, माझा लेक पान्यात हुभा व्हता. त्यानं मला इचारलं, कुठवर. मी हिच्या कोरड्या पायाकडं बघून सांगितलं, पायालाबी नाय. आन् त्यो आत गेला. आता नात इचारती. तिलाबी म्या हेच सांगू?"

 मनीषा गर्दीतून पुढे आली आणि तिने पहारीला हात लावला. मग खालून, ओट्यावरच्या खाटेवरून झुंबरबाई ओरडली, "अरे बघता काय नुसते? लावा हात!" सावळीरामांनी डोळे पुसले, चपला काढल्या, आणि माझ्या बुडाखाली दोर घातला तो त्यांनीच.

घाटाच्या शेवटच्या पायरीशी झिपरूचा खड्डा अजून होता. गाळाने भरलेला. तो उपसून त्यांनी मला त्यात उभं केलं. बुडाला चिखल लागला तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. कुसाबाईने खरवडणी घेऊन शेंदूर काढला, रेघा मोकळ्या केल्या. चांदीचे डोळे काढून नदीत सोडले. मग मनीषाने वेदिकाला माझ्या अंगाला पाठ लावून उभं केलं. सुनेची रीत होती ती, पण लेकीलाही ठाऊक असावं, असं मनीषा म्हणाली. कमरेची रेघ वेदिकाच्या डोक्यावर आली. तिची इवलीशी पाठ माझ्या अंगावर उबदार लागत होती, आणि मला फार भीती वाटली. तिची नव्हे हो, माझी. पुन्हा कुणाच्या भक्तीला भरतं आलं आणि मला वर चढवलं तर?

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्याही गावात अशी एखादी खूण असेल. पुलाच्या खांबावरचा पट्टा असेल, विहिरीतली पायरी असेल, तुमच्या पणज्यांनी हौसेने नव्हे तर रडून करून ठेवलेली. तिला हार घालू नका असं मी म्हणत नाही. पण तिला तिच्या जागेवरून हलवू नका, तिच्या रेघा बुजवू नका. आणि तिच्याकडे बघायचं तर हात जोडून डोळे मिटू नका. डोळे उघडे ठेवून बघा.

गेल्या भाद्रपदात दारणा पुन्हा फुगली. ऊन होतं. पाणी माझ्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. वेदिका दारातून ओरडत राहिली आणि आळी हलत राहिली, शेळ्या आधी, मग माणसं, झेंडू तसाच टाकून. कमरेला लागलं तेव्हा आळीत चिटपाखरू उरलं नव्हतं. नुसती कुसाबाई वरच्या पायरीवर उभी होती आणि मनीषा तिचा हात धरून ओढत होती.

तेव्हा ती हाक आली. "आई, राखणबाईला कुठवर?"

कुसाबाईने माझ्याकडे पाहिलं, नीट, रेघ निरखून. मग रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून, पूर्वीसारख्या खणखणीत आवाजात ती ओरडली,

"कमरेला लागलं रे समाधान! शेळ्या ऱ्हाऊ दे. ये वर, माझ्या राजा, ये वर!"